येरवड्याचा पूर : दोन नद्यांची बेरीज

पावसाळ्यात पुण्यातल्या पुराची बातमी एका आकड्याभोवती फिरते : खडकवासल्यातून किती क्युसेक पाणी सोडले? मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली गेला की शहर सावध होते. येरवड्याला एवढ्यावर भागत नाही. संगमावर मुठा मुळेला मिळते आणि दोन्ही नद्यांचे पाणी एकत्र होऊन येरवड्याच्या काठाला लागते.

मुठेच्या खोऱ्यात टेमघर, वरसगाव आणि पानशेत, त्यांच्या खाली खडकवासला. चारही धरणांची साठवण 29.15 टीएमसी आणि त्यात खडकवासल्याचा वाटा जेमतेम 1.97. वरून लोंढा आला की तो धरून ठेवायला तिथे जागाच उरत नाही. मुळेवर टाटांचे मुळशी धरण आहे. एरवी त्याचे पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्रात आणि पुढे कोकणात जाते. धरण भरले की मात्र जादा पाणी मुळेत येते. दापोडीजवळ तिला पवनाही मिळते. ही सगळी धरणे एकाच वेळी वाहू लागली की येरवड्यात त्यांची बेरीज होते.

12 जुलै 1961 रोजी बांधकाम सुरू असलेले पानशेत फुटले आणि पाठोपाठ खडकवासलाही. त्या पुराची आठवण पुण्याने जपली आहे. पण धरण न फुटताही घरात पाणी येते, हे नदीकाठच्या वस्त्या जाणतात. ऑगस्ट 2019 मध्ये खडकवासल्याचा विसर्ग 45 हजार क्युसेकपर्यंत गेला, 25 जुलै 2024 च्या पहाटे तो 35 हजारांवर होता. त्या वेळी ताम्हिणी घाटात 24 तासांत 550 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता. दोन्ही वेळा येरवड्यातल्या शांतीनगर, इंदिरानगर भागांत पाणी शिरले.

वस्तीत पाणी दारातूनच येते असे नाही. नदी चढली की नाल्याचे तोंड दबते, सांडपाण्याला वाट राहत नाही आणि चेंबरमधून काळे पाणी उलटे वर येते. मग धावपळ सुरू होते. धान्याचे डबे, रेशनकार्ड, मुलांची दप्तरे माळ्यावर चढतात, सिलिंडर उचलला जातो, म्हाताऱ्यांना हात धरून महापालिकेच्या शाळेत नेले जाते. विजेचे बटण आधी बंद करायचे की सामान आधी हलवायचे, हा प्रश्न जीवनमरणाचा असतो. 2024 च्या त्याच पहाटे डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीत हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तिघांचा जीव गेला. पाणी ओसरल्यावर गाळ उपसायचा, भिजलेले गहू टाकून द्यायचे आणि पंचनाम्याची वाट बघायची.

मग ही माणसे तिथे राहतातच का? काम जवळ आहे आणि शहरात दुसरे घर परवडत नाही, म्हणून. 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवणाऱ्या निळ्या पूररेषेच्या आत नव्या बांधकामाला परवानगी नाही. हा नियम योग्यच आहे. पण आधीपासून तिथे राहणाऱ्यांना सुरक्षित जागा मिळाली नाही, तर तो नियम त्यांच्यापुरता कागदावरच राहतो.

उपायाची एक वाट येरवड्यानेच दाखवली आहे. केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहर नूतनीकरण मोहिमेतील बीएसयूपी या गरिबांच्या घरांच्या योजनेत इथल्या काही वस्त्यांत स्पार्क आणि महिला मिलन या संस्थांनी घरोघरी सर्वेक्षण केले. कच्च्या घरांच्या जागीच सुमारे 25 चौरस मीटरची पक्की घरे उभी राहिली आणि खर्चाचा दहावा हिस्सा कुटुंबांनी उचलला. कोण कुठे राहते, कोणाच्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, कोणती गल्ली आधी बुडते, हे वस्तीतल्या बायकांइतके कोणाला ठाऊक असणार?

पुराची तयारी याच माहितीवर उभी करायला हवी. बंडगार्डनला मोजल्या जाणाऱ्या नदीच्या विसर्गाकडे उजनी धरणासाठी सोलापूरचे शेतकरी डोळे लावून बसतात. त्याच आकड्याचा अर्थ येरवड्याच्या गल्लीला कळला पाहिजे : एवढे पाणी आले की अमुक ओळीतली घरे रिकामी करायची, एवढे आले की वीज तोडायची. मुळशी, पवना आणि खडकवासल्याचे विसर्ग एकत्र मांडून त्यानुसार येणारी पाण्याची पातळी वस्तीतल्या भिंतीवर रंगवायला मोठा खर्च येत नाही. पाटबंधारे खाते, महापालिका आणि वस्तीतले बचतगट जूनआधी एकदा एकत्र बसले, तर हे काम होते. रात्री दोनला भोंगा वाजल्यावर ते होत नाही.