कपाटातल्या क्रेडिट कार्डाचं काय करावं?

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत सगळ्यांच्याच घरी पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही. बारामती एमआयडीसीत काम करणाऱ्याचा पगार ठरल्या तारखेला जमा होतो. पण माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याला ऊस घालणाऱ्याच्या हाती पैसा पडतो तो गाळपानंतर, उचल आणि हप्त्यांनी. क्रेडिट कार्डाचं बिल मात्र कुणासाठी थांबत नाही. घरात नोकरी आणि शेती दोन्ही असली की कार्डं सहज जमतात. एक पगाराच्या खात्यासोबत मिळतं, एक फ्रीज हप्त्यावर घेताना गळ्यात पडतं, एक बँकेच्या माणसाच्या आग्रहाखातर घेतलेलं असतं. त्यातली एक-दोन पुढे कपाटातच राहतात, कारण ‘बंद केलं तर सिबिल पडेल’ अशी भीती घातलेली असते. ज्या स्कोअरला जपायचं म्हणून असं कार्ड ठेवतात, त्यालाच त्याचा जास्त धोका असतो असं माझं ठाम मत आहे. वार्षिक फी लागणारं आणि वापरात नसलेलं कार्ड बंदच करावं. फक्त वेळ पाहून करावं.

ही भीती निराधार नाही. ३०० ते ९०० मधला तो आकडा ठरताना, मिळालेल्या मर्यादेपैकी तुम्ही किती वापरता हे पाहिलं जातं. समजा, एका कार्डाची मर्यादा १ लाख, दुसऱ्याची ५० हजार आणि महिन्याचा वापर ३० हजार. म्हणजे एकूण मर्यादेच्या २० टक्के. दुसरं कार्ड बंद केलं की तोच वापर ३० टक्के होतो, आणि खर्च एका पैशाने वाढला नसतानाही कागदावर तुम्ही कर्जावर जास्त अवलंबून दिसता. खाती किती जुनी आहेत यालाही वजन असतं. म्हणून सगळ्यात जुनं, बिनफीचं कार्ड मोडू नये. पण बंद खात्याची नोंद अहवालातून लगेच पुसली जात नाही, ती अनेक वर्षं दिसत राहते. आणि वाढलेलं प्रमाण खर्च आटोक्यात ठेवला की पुन्हा खाली येतं.

थकबाकीची नोंद इतक्या सहज भरून निघत नाही. ५०० रुपये वार्षिक फी आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी, असे ५९० रुपये न वापरलेल्या कार्डावरही लागतात. बिल जुन्या ईमेलवर जातं, किंवा बदललेल्या मोबाइल नंबरवर. देय तारखेनंतर तीन दिवस उलटले की विलंब शुल्क सुरू होतं, आणि वर व्याज. ते बहुतेक कार्डांवर महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांच्या घरात, म्हणजे वर्षाला चाळिशीच्या आसपास. ग्राहक आयोगाने २००८ मध्ये घातलेली ३० टक्क्यांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली, त्यामुळे तोही आधार उरलेला नाही. रक्कम किरकोळ असते, पण अहवालात ‘थकीत’ हा शेरा उमटतो आणि ट्रॅक्टरच्या किंवा घराच्या कर्जाला अर्ज केल्यावरच तो कळतो.

अडीनडीला, विशेषतः दवाखान्यात, कार्ड हाताशी असावं हा आक्षेप मला मान्य आहे. त्यासाठी बिनफीचं एक कार्ड ठेवावं, दोन-तीन महिन्यांतून एकदा पेट्रोल किंवा वीजबिलासाठी वापरावं आणि पूर्ण बिल खात्यातून आपोआप वळतं करून घ्यावं. नुसतं ठेवून देणं हा टिकाऊ मार्ग नाहीच. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार वर्षाहून अधिक काळ न वापरलेलं कार्ड बंद करण्याची प्रक्रिया बँकेनेच सुरू करायची असते; कळवल्यावर ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर ते बंद होतं. तुमच्या कर्जाच्या अर्जाच्या ऐन वेळी ते व्हावं त्यापेक्षा आपण वेळ निवडलेली बरी. येत्या सहा महिन्यांत मोठं कर्ज काढायचं असेल तर थांबा, फी मात्र भरा.

याच निर्देशांनी ग्राहकाच्या हातीही बळ दिलं आहे. बाकी शून्य असेल तर अर्जानंतर सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे. हेल्पलाइन, ईमेल किंवा ॲपवरून अर्ज चालतो, पोस्टानेच पाठवा असा हट्ट बँकेला धरता येत नाही. आधी त्या कार्डावर लावलेली ओटीटी, विमा अशी आपोआप जाणारी देणी दुसरीकडे वळवा आणि साठलेले पॉइंट वापरून टाका. हे सगळं किसान क्रेडिट कार्डाला मात्र लावू नका. ते पीककर्जाचं खातं आहे. ते मिटवायचं तर सोसायटीचा किंवा बँकेचा बेबाकी दाखला घ्यावा लागतो आणि सातबारावर बोजा असेल तर तोही तलाठ्याकडून उतरवून घ्यावा लागतो. साधं कार्ड बंद झाल्यावर महिना-दीड महिन्याने सिबिलचा वर्षातून एकदा मोफत मिळणारा अहवाल काढावा आणि त्या खात्यापुढे ‘बंद’ आणि बाकी शून्य असं आलं आहे का, ते पाहावं. आलं नसेल तर बँकेकडे आणि सिबिलकडे, दोन्हीकडे लेखी तक्रार करावी.