वाढत्या अंगाचं जाकीट नको!

मुलांनो, जून महिना जवळ आला की घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येतं. "जरा वाढत्या अंगाचं दाखवा हो!" मग गणवेशाची बाही बोटांपर्यंत येते आणि बुटाच्या टोकात कापूस कोंबावा लागतो. यात आईबाबांचं काही चुकत नाही. तुम्ही वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढता. वयात येताना तर एखाद्या वर्षी आठ-नऊसुद्धा! दरवर्षी नवे कपडे घ्यायचे म्हणजे खिशाला चाटच. पण एक वस्तू अशी आहे, की ती वाढत्या अंगाची घेऊन मुळीच चालत नाही. ती म्हणजे पाण्यात तरंगवणारं जाकीट.

"आमच्या लोणखेड्याला कुठे आलाय समुद्र?" असं शहाद्याकडचे वाचक म्हणतील. खरंय. गोमाईचं पाणी प्रकाशाला तापीला मिळतं आणि तापी सुरतेवरून अरबी समुद्रात जाते. पण सरळ रेषेत मोजलं, तरी हा समुद्र दीडशे किलोमीटरच्या पलीकडे! तरीही हा लेख तुमच्यासाठी आहे. एक तर सुट्टीत मालवण-तारकर्लीला जाऊन स्कूबा डायव्हिंग करणारी कुटुंबं आता गावोगावी दिसतात. आणि दुसरं म्हणजे, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत सरदार सरोवराचं पाणी पसरलं आहे. तिथल्या कित्येक पाड्यांना बोटीशिवाय वाट नाही. १५ जानेवारी २०१९ रोजी, मकरसंक्रांतीच्या दिवशी, धडगाव तालुक्यात नर्मदेत बोट उलटली. दगावलेल्यांत लहान मुलं होती. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोन जण बुडाले. तेव्हा जाकीट कसं निवडायचं, हे नर्मदाकाठच्या मुलालाही ठाऊक हवं आणि सुट्टीत समुद्रावर जाणाऱ्यालाही.

जाकिटं दोन, कामं दोन

बोटीत घालायचं ते लाइफ जॅकेट. त्यात फोम असतो. ते तुम्हाला पाण्यावर ठेवतं, बस्स. तुम्ही ठरवलंत तरी त्याच्यासह खाली जाता येत नाही.

पाणबुड्यांचं जाकीट वेगळं. त्याला 'बॉयन्सी कंट्रोल डिव्हाइस' किंवा थोडक्यात बी.सी.डी. म्हणतात. त्यात फोम नसतो, हवेची पिशवी असते. पाठीवरचा सिलिंडर त्यालाच बांधतात. एक बटण दाबलं की सिलिंडरमधली हवा पिशवीत येते, दुसरं दाबलं की बाहेर जाते. हवा भरली की वर, सोडली की खाली, आणि नेमकी तेवढीच ठेवली की अधांतरी!

ही युक्ती माणसाच्या आधी माशांनी वापरली आहे. रोहू किंवा कटला चिरताना कधी पाहिलं आहे का? पोटात पांढुरकी, फुग्यासारखी पिशवी निघते. तिच्या मदतीने मासा पाण्यात हव्या त्या खोलीवर स्थिर राहतो. माणसाला ही सोय उशिरा मिळाली. १९४३ साली फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्याँ यांनी पाण्याखाली श्वास घेण्याचं 'अ‍ॅक्वालंग' तयार केलं, तेव्हा पाणबुड्यांकडे असं जाकीट नव्हतं. नंतर गळ्यात अडकवायची हवेची पिशवी आली. तिचा आकार गाडीच्या घोड्याच्या गळपट्ट्यासारखा, म्हणून इंग्रजीत नावही तेच पडलं. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात फिरलेल्यांना हे चित्र चटकन डोळ्यांसमोर येईल. अंगभर बसणारं जाकीट त्याच्याही नंतरचं.

थोडं गणित करू या

आर्किमिडीजचं तत्त्व तुम्ही शाळेत शिकता. वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकं बल तिला वर ढकलतं. एक लीटर पाण्याचं वजन साधारण एक किलो. म्हणजे जाकिटात एक लीटर हवा भरली, की ते तुम्हाला जवळपास एक किलोने वर उचलतं.

आता दुसरा नियम, बॉइलचा. दाब दुप्पट झाला की हवेचं आकारमान निम्मं होतं. समुद्रात दहा मीटर खाली गेलं की दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. समजा, तिथे तुमच्या जाकिटात तीन लीटर हवा आहे आणि तुम्ही छान अधांतरी तरंगता आहात. आता काही न करता पाच मीटर वर या. तीच हवा फुगून चार लीटर होते. पृष्ठभागाशी येईपर्यंत सहा लीटर! म्हणजे तुम्ही जसे वर येता, तसं जाकीट तुम्हाला आणखी जोराने वर ओढतं. म्हणून वर येताना हवा थोडी थोडी सोडत राहावं लागतं. तसं केलं नाही, तर माणूस बुचासारखा वर उसळतो. अशा वेळी श्वास रोखलेला असेल, तर फुफ्फुसातली हवाही फुगते आणि गंभीर इजा होऊ शकते. म्हणूनच स्कूबाचा पहिला धडा असा, की श्वास कधीही रोखायचा नाही.

ढगळ जाकिटाने काय होतं?

मोठ्या माणसाचं जाकीट बारा वर्षांच्या मुलाला चढवलं, तर हवा भरताच ते वर सरकतं आणि कानांपाशी येऊन बसतं. मान हलत नाही. सिलिंडर पाठीवर डावा-उजवा डुलतो आणि मुलाला आपल्याबरोबर कलंडवतो. स्कूबाचा नेहमीचा अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर रिकामा असतानाच सुमारे चौदा किलोचा असतो. ३५ किलोच्या मुलाला तो केवढा जड! त्याशिवाय मोठ्या जाकिटात हवाही जास्त मावते, म्हणजे चुकून बटण दाबलं गेलं तर उसळीही मोठी. आणि हवा सोडायच्या झडपेपर्यंत छोटा हात वेळेवर पोचला नाही, तर मग?

फार घट्ट जाकीटही वाईट. ते फुगलं की छाती आवळतं आणि पोटभर श्वास घेता येत नाही.

निवडताना हे करून पाहा

१. पाण्यात जे कपडे घालणार, त्यांच्यावरच जाकीट घाला. नुसत्या बनियनवर घेतलेलं माप जाड रबरी सूटवर बसत नाही.

२. सगळे पट्टे लावा आणि जाकीट पूर्ण फुगवा. आता खोल श्वास घ्या. छाती अडली, तर जाकीट लहान आहे.

३. कुणाला तरी मागून खांदे धरून जाकीट वर उचलायला सांगा. ते हनुवटीपर्यंत सरकलं, तर मोठं आहे.

४. डोळे मिटून हवा भरायचं बटण, सोडायचं बटण आणि प्रत्येक झडप हाताने शोधा. एकही सापडली नाही, तर ते जाकीट तुमचं नव्हे.

५. सिलिंडर बांधून मान मागे करा. डोकं सिलिंडरच्या तोंडावर आपटता कामा नये.

६. शेवटी पट्ट्यांकडे पाहा. पट्टे पार शेवटपर्यंत आवळून जाकीट कसंबसं बसत असेल, तर ते मोठं. जवळजवळ सगळे सैल सोडून बसत असेल, तर चार महिन्यांत आखूड पडणार. आज नीट बसतं आणि तरी पट्टा सैल करायला जागा उरते, ते बरोबर. मुलं वाढतात हे खरंच आहे, पण वाढीची जागा पट्ट्यात असावी, पिशवीत नव्हे.

आईबाबांसाठी

वर्षातून एकदा समुद्रावर जाणाऱ्या कुटुंबाने मुलासाठी बी.सी.डी. विकत घेऊ नये. ते भाड्याने मिळतं. पॅडी या प्रशिक्षण संस्थेच्या नियमांनुसार आठ वर्षांच्या मुलाला फक्त दोन मीटर खोलीपर्यंतचा अनुभव घेता येतो. दहाव्या वर्षापासून रीतसर शिक्षण, पण दहा-अकरा वर्षांच्या मुलांना बारा मीटरच्या खाली मनाई. तेव्हा पैसे भरण्याआधी विचारा, "मुलांच्या मापाचं जाकीट आहे का? छोटा सिलिंडर आहे का?" उत्तर "चालवून घेऊ" असं आलं, तर त्या दिवशी किल्ला बघा. मालवणचा सिंधुदुर्ग काही पळून जात नाही. मुलाला दमा, सर्दी किंवा कानाचं दुखणं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

मूल नियमित शिकणार असेल, तर आधी त्याच्या चेहऱ्याला नीट बसणारा मास्क घ्या. थोरल्याचं जाकीट धाकट्याला द्यायलाही हरकत नाही, पण ते रात्री फुगवून ठेवा. सकाळी मऊ पडलेलं दिसलं, तर कुठेतरी गळती आहे. समुद्रातून आल्यावर जाकीट आतूनबाहेरून गोड्या पाण्याने धुवा, कारण सुकलेलं मीठ झडपा अडकवतं. आणि वर्षातून एकदा ते जाणकाराकडून तपासून घ्या.

बोटीत बसताना

आता पुन्हा लाइफ जॅकेट. ते किती वजनाच्या माणसासाठी आहे, हे त्याच्या आतल्या चिठ्ठीवर छापलेलं असतं. ती वाचा. खांदे उचलून बघायची चाचणी इथेही तीच. अगदी लहानग्यांच्या जाकिटाला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवा. नाहीतर पाण्यात पडल्यावर जाकीट वर राहतं आणि मूल खालून निसटतं. बी.सी.डी. हे लाइफ जॅकेट नव्हे, हेही लक्षात ठेवा. शुद्ध हरपलेल्या माणसाचं तोंड ते पाण्याबाहेर ठेवीलच, अशी खात्री नसते.

आणि हो, जाकीट अंगात हवं, बाकाखाली नको. बोट उलटताना बक्कल लावायला कुणाला वेळ मिळत नाही. नावाडीकाकांनी मोठं जाकीट पुढे केलं, तर लाजू नका. स्वच्छ आवाजात म्हणा, "काका, माझ्या मापाचं द्या." तुम्हाला मिळालं की शेजारी बसलेल्या छोट्याचंही बक्कल एकदा ओढून बघा.