मातीआड जाण्याआधी

पेट्रोल पंप म्हटलं की गिऱ्हाइकाला छत दिसतं, नोझल दिसतं, कोपऱ्यातली हवेची नळी दिसते. आमच्या धंद्यात पंप म्हणजे जमिनीखालच्या टाक्या. छत, फरशी, दिवे हे सगळं नंतरचं आणि बदलता येण्यासारखं. टाकी एकदा पुरली की पुन्हा पाहता येत नाही, म्हणून तिच्याबद्दल जे काही विचारायचं ते आधीच विचारावं लागतं. माझं काम या विचारण्याच्या काळातलं: नकाशे काढायचे, फाइल फिरवायची आणि टाकीवर मुरूम पडेपर्यंत साइटवर थांबायचं.

सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका साइटचं उदाहरण देतो. राज्यमार्गालगतची जमीन, दोन्ही बाजूंना ऊस. कंपनीचं लेटर ऑफ इंटेंट हातात आलं की डीलरला वाटतं, आता पोकलेन बोलवायचा. प्रत्यक्षात पहिला सवाल टाकीचा नसतोच. सात-बारा कोणाच्या नावावर आहे, फेरफाराची नोंद झाली का, बँकेचा बोजा आहे का, मोजणीची ‘क’ प्रत कुठे आहे, इथून सुरुवात होते. मग बिनशेती, मग बांधकाम विभागाकडून रस्त्याला जोड देण्याची परवानगी. चौक किती लांब, वळण किती लांब, गाड्या आत शिरताना आणि बाहेर पडताना कोणाला आडव्या जाणार, हे सगळं तिथे पाहतात. यात महिने जातात, पण अवघड असं काही नसतं.

खरी कसोटी असते ती एका मोठ्या कागदाची. पेट्रोलियम कायदा १९३४चा आणि सध्याचे नियम २००२चे. परवाना देते ती पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी ‘पेसो’. तिचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. पेसोला बांधून झालेला पंप दाखवून चालत नाही. नियम १३१ प्रमाणे नकाशा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. टाक्या कुठे, किती क्षमतेच्या, कोणत्या टाकीत कोणतं इंधन, टँकर कुठे उभा राहून माल उतरवणार, व्हेंट पाइप कुठे, आजूबाजूला कोणाची घरं, कोणाची विहीर, वरून विजेच्या तारा जातात का, हे सगळं त्या एका कागदावर मापासकट यावं लागतं. पेट्रोल ‘अ’ वर्गात, म्हणजे २३ अंश सेल्सिअसच्या आतच ज्याची वाफ पेट घेऊ शकते त्यात. डिझेल ‘ब’ वर्गात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती वर उडून जात नाही. जमिनीलगत सरपटते आणि गटारात, खड्ड्यात, तळघरात जाऊन साचते. नकाशावरच्या बहुतेक रेषा तिची वाट अडवण्यासाठी असतात.

अंतरांवरून सर्वांत जास्त वाद होतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळा, दहा किंवा जास्त खाटांचं रुग्णालय आणि नेमून दिलेला रहिवासी भाग यांपासून नवा पंप ५० मीटर दूर हवा. जागेची अडचणच असेल तर जादा सुरक्षेची व्यवस्था करून काही सवलत मिळते, पण ३० मीटरच्या आत कधीच नाही. हे अंतर प्लॉटच्या कुंपणापासून धरायचं नाही. टाकी भरण्याचं तोंड, वितरण यंत्र आणि व्हेंट पाइप यांतलं जे सर्वांत जवळ असेल तिथून धरायचं, आणि तेही सरळ रेषेत. या साइटसमोर तिरक्या अंगाला शाळा होती. डीलर म्हणाला, “शाळा रस्त्याच्या पलीकडं हाय की हो साहेब! पोरं काय इकडं येत न्हाईत.” मी टेपचं टोक त्याच्याच हातात दिलं. व्हेंटच्या नियोजित जागेपासून शाळेच्या कुंपणापर्यंत ४६ मीटर भरले. व्हेंट मागच्या कोपऱ्यात नेला, तसं भरण्याचं तोंडही मागे गेलं. तोंड मागे गेलं म्हणून टँकरची वळायची जागा बदलली, आणि शेवटी सगळा लेआउट आरशात पाहिल्यासारखा उलटा झाला. चार मीटरसाठी नकाशा पुन्हा काढला. कागदावर हे काम दोन दिवसांचं असतं. टाकी पुरल्यावर त्याला इलाज नसतो.

या नकाशाच्या प्रती जोडून नियम १४४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे ना हरकत दाखल्यासाठी अर्ज होतो. तिथून पोलीस, तहसील, बांधकाम, ग्रामपंचायत अशा सगळ्यांचे अभिप्राय मागवले जातात. तीन महिन्यांच्या आत होय किंवा नाही सांगावं, असं नियम म्हणतो. एका कार्यालयाने आमची फाइल परत पाठवली, कारण पोटहिस्सा पडल्यामुळे सात-बाऱ्यावरचा गट क्रमांक आणि नकाशावरचा गट क्रमांक जुळत नव्हता. डीलर वैतागला. मला मात्र ती हरकत रास्त वाटली. उद्या काही घडलं आणि आगीचा बंब निघाला, तर तो याच क्रमांकाच्या जमिनीवर पोचायला हवा.

स्थळपाहणीला मंडळ अधिकारी आले तेव्हा शेजारच्या शेतातल्या आक्का बांधावर उभ्या होत्या. त्यांचा प्रश्न सरळ होता. “तुमचं डिझेल खाली मुरलं, तर आमच्या हिरीला वास येणार न्हाई कशावरनं?” आगीबद्दल कोणी विचारलं तर माझी उत्तरं तयार असतात. या प्रश्नाला पंचनाम्यात रकाना नव्हता.

परवानग्या आल्या आणि खणायला सुरुवात झाली. वर काळी माती, खाली पिवळसर मुरूम आणि त्याखाली पाझर. शेजारी उसाला पाणी सोडलं की आमच्या खड्ड्यात पाणी चढायचं. डिवॉटरिंग पंप सतत चालू. अशा जागी टाकी बुडण्याची नव्हे, तर वर येण्याची भीती असते. २० हजार लिटरची टाकी पाण्यात गेली की पाणी तिला २० टनांनी वर ढकलतं. टाकीचं स्वतःचं लोखंड दोन-तीन टनांचं. ती पेट्रोलने काठोकाठ भरली तरी पेट्रोल पडतं पंधराएक टनांचं, म्हणजे भरलेली टाकीसुद्धा तरंगायलाच बघते. म्हणून खाली आरसीसीचा राफ्ट ओततात, त्यात लोखंडी कड्या रोवतात आणि टाकीवरून पट्टे टाकून ती टर्नबकलने आवळतात. पट्टा जिथे टाकीला टेकतो तिथे रबर घालावं लागतं, नाहीतर लेप खरवडला जातो.

या लेपाची तपासणी बघण्यासारखी असते. टाकीला बाहेरून कोलटारचा जाड लेप दिलेला असतो. हायड्रा क्रेनने टाकी पट्ट्यांवर अधांतरी धरली की एक मुलगा हातात ब्रशासारखं यंत्र घेऊन तिच्या अंगावरून सावकाश फिरतो. त्याला ‘हॉलिडे टेस्ट’ म्हणतात. ब्रशात उच्च दाबाची वीज असते. लेपाला टाचणीएवढं भोक असलं तरी तिथे ‘चट्’ करून निळी ठिणगी उडते. मुलगा खडूने गोल करतो. टाकी खाली घेतल्यावर गोलांवर नवा लेप चढतो आणि ब्रश पुन्हा फिरतो. ओल्या काळ्या मातीत गंज याच टाचणीएवढ्या भोकातून सुरू होतो. मग टाकीत पाणी भरून दाबाची चाचणी, मॅनहोलच्या प्रत्येक बोल्टाची पाहणी आणि सक्षम व्यक्तीचं प्रमाणपत्र. पट्टे, रबर, कड्या सगळ्यांचे फोटो काढायचे. त्यानंतरच वाळू आणि मुरूम.

टाकी ठेवताना एका अंगाला किंचित उतार देतात, म्हणजे आत शिरलेलं पाणी एका टोकाला जमतं आणि तिथे डिप रॉडला लावलेल्या पेस्टचा रंग बदलून ते कळतं. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून हे जास्तच जपावं लागतं. पाणी शिरलं तर ते इथेनॉलला ओढून घेतं आणि दोघं मिळून तळाशी बसतात. गाडीत तो थर गेला तर ती पंपाच्या दारातच बंद पडते.

शेवटचा परवाना नमुना १४ मध्ये मिळतो. वैधमापनवाले येऊन पाच लिटरच्या मापाने यंत्र तपासतात, सील लावतात आणि विक्री सुरू होते.

आक्कांचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला. अर्जासोबत शेजारच्या विहिरीच्या पाण्याचा अहवाल मला आजवर कोणी मागितलेला नाही. तरी आता खड्डा खणण्याआधी मी जवळच्या विहिरींचे नमुने प्रयोगशाळेत देतो आणि अहवाल फाइलला जोडतो. डीलर खर्चाची कुरकुर करतात. त्यांना सांगतो, दादा, हा कागद जेवढा शेजाऱ्याच्या कामाचा तेवढाच तुमच्याही. दहा वर्षांनी कोणी म्हणालं की पाणी बिघडलं, तर आधी ते कसं होतं हे सांगायला दुसरं काहीच हाताशी नसेल. अहवालाची एक प्रत आक्कांच्या घरीही देऊन आलो.