फिरत्या दिव्यांचा नेम

२५ सप्टेंबर १९८१ रोजीं स्पेनमधील बार्सेलोना शहरीं ‘जेनेसिस’ या इंग्रज वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. त्या रात्रीं रंगमंचावरील दिवे प्रेक्षकांच्या देखत आपले आपण वळूं लागले. अमेरिकेंतील डॅलस येथील शोको या कंपनीनें ते तयार केले होते. मूळ विचार एवढाच होता कीं, दिव्याचा रंग दुरून बदलतां यावा. विजेच्या आणखी दोन मोटारी बसविल्या तर दिवा वळेलहि, हें मागाहून सुचलें. तोंपर्यंत असा दिवा शिडीवर चढून हातानें रोखावा लागे, आणि कार्यक्रम संपेपर्यंत तो त्याच जागेकडे पाहत राही.

फिरत्या दिव्यानें ही शिडी दूर केली खरी, परंतु तिच्या जागीं दुसरी अडचण उभी केली. दिवा जें लक्षांत ठेवतो तें स्थळ नव्हे, कोन होय. गायक कोठें उभा आहे हें त्याला ठाऊक नसतें; उजवीकडे इतकें वळावें, खालीं इतकें वांकावें, एवढाच त्याला हुकूम असतो. ओळखीच्या घरांत मनुष्य अंधारांतहि चार पावलें मोजून दाराशीं पोंचतो; बिऱ्हाड बदललें कीं तींच चार पावलें त्याला भिंतीवर नेऊन आदळतात. दौऱ्यावरील वाद्यवृंदाचें बिऱ्हाड तर दोन-तीन दिवसांनीं बदलतें.

समजा, प्रेक्षकांच्या बाजूनें ७ मीटर उंचीवर टांगलेला एक दिवा ४५ अंशांनीं खालीं रोखला आहे. त्याचा झोत दिव्याच्या पायथ्यापासून ७ मीटरांवर मंचास भिडेल. पुढच्या गांवीं तोच दिवा ८ मीटरांवर चढला, तर तोच कोन झोताला ८ मीटरांवर नेईल. मंचावरील प्रकाशाचें वर्तुळ दीड मीटर रुंदीचें असेल तर मंचावरची ठरलेली जागा काळोखांत राहील, आणि तिच्या पाठीमागची रिकामी जमीन उजळून निघेल.

उंची हें एकच कारण नव्हे. दिवे ज्या धातूच्या लांब सांगाड्यास टांगतात त्यास ट्रस म्हणतात, व तो साखळीच्या मोटारींनीं वर ओढला जातो. १२ मीटर लांबीच्या ट्रसचें एक टोंक दुसऱ्याहून २० सेंटिमीटर वर राहिलें कीं, त्यावरील सारे दिवे सुमारें १ अंशानें कलतात. १० मीटरांवर या एका अंशाचे १७ सेंटिमीटर होतात. उघड्या मैदानावर वाऱ्यानें ट्रस हलतो तें निराळेंच. शिवाय आंतील पट्टा सैल झाला अथवा दांत्यांत फट पडली, तर डावीकडून आलेला दिवा आणि उजवीकडून आलेला दिवा एकाच हुकुमावर दोन जागीं थांबतात.

हुकूम मात्र पुरेसा बारीक असतो. १९८६ सालीं ठरलेल्या डीएमएक्स ५१२ या संकेतांत एक अंक ० पासून २५५ पर्यंत जातो. पुष्कळ दिवे आडवे ५४० अंश, म्हणजे दीड गिरकी, फिरतात. तेव्हां एका अंकावर विसंबल्यास प्रत्येक पायरी दोन अंशांहून मोठी, अर्थात् १० मीटरांवर सुमारें ३७ सेंटिमीटरांची पडेल. म्हणून दोन अंक जोडून ६५,५३६ पायऱ्या करतात. मग तेवढ्याच अंतरावर एक पायरी दीड मिलिमीटरांहूनहि लहान होते. दोष शोधावयाचा तो सांगण्यांत नव्हे, टांगण्यांत.

आतां कामाचा हिशेब पाहावा. ६० दिवे, आणि गायक, ढोलवादक, मंचाची कड अशा २० जागा धरल्या तर १,२०० नेम होतात. प्रत्येकास अर्धें मिनिट दिलें तरी १० तास लागतात, आणि सायंकाळीं दारें उघडावयाचीं असतात. यावर पहिली युक्ति अशी कीं, गाण्यागणिक कोन न लिहितां जागेचें नांव लिहावें. ‘गायक’ ही जागा एकदां सुधारली कीं तिच्यावर अवलंबून असलेले सगळे प्रसंग सुधारतात. दुसरी युक्ति अगदीं साधी व सर्वांत गुणकारी आहे: ट्रस दरवेळीं तोच असावा, फितीनें वा लेसरनें मोजून त्याच उंचीवर न्यावा, सपाटी तपासावी, आणि प्रत्येक दिव्यावर क्रमांक व तोंडाची दिशा लिहावी. उलटा अडकविलेला एक दिवा संबंध दुपार खातो. तिसऱ्या युक्तीनें कोनाची सत्ताच मोडते. मंचावर चार खुणा मोजून आंखतात, प्रत्येक दिवा त्या चारींवर रोखतात, आणि त्यावरून नियंत्रक यंत्र तो दिवा कोठें व कसा कललेला आहे हें गणितानें काढतें. पुढें त्याला स्थळ सांगितलें तरी पुरतें.

हातानें झोत फिरविणारा मनुष्य मात्र अजूनहि पुष्कळ दौऱ्यांवर असतो. गायक दोन पावलें सरला तर त्याला गणित करावें लागत नाहीं.

दारें उघडण्यापूर्वीं एक जण मंचावरील चिकटपट्टीच्या खुणांवर क्रमानें उभा राहतो. यंत्रापाशीं बसलेला एकेक जागा बोलावतो, आणि ज्याचा झोत छातीवर न पडतां खांद्यावरून निसटतो त्या दिव्याचा क्रमांक मंचावरून मोठ्यानें सांगितला जातो.