होमोसिस्टीन

मिथिओनीन या आवश्यक ॲमिनो अम्लाच्या चयापचयात (शरीरात सतत चालणाऱ्या रासायनिक घडामोडींत) तयार होणारे गंधकयुक्त ॲमिनो अम्ल. ते प्रथिनांच्या घडणीत वापरले जात नाही. त्याचे रक्तातील वाढलेले प्रमाण हे हृदय व रक्तवाहिन्या यांच्या भावी विकारांचे एक दर्शक मानले जाते.

चयापचय : होमोसिस्टिनाची विल्हेवाट दोन मार्गांनी लागते. फॉलिक अम्ल व ब१२ जीवनसत्त्व यांच्या साहाय्याने त्याचे पुन्हा मिथिओनीन बनते किंवा ब६ जीवनसत्त्वाच्या साहाय्याने त्याचे सिस्टाइनात रूपांतर होते. यांपैकी एखाद्या जीवनसत्त्वाची त्रुटी असल्यास, संबंधित एंझाइमात आनुवंशिक दोष असल्यास किंवा वृक्क (मूत्रपिंड) अकार्यक्षम झाल्यास ते रक्तात साचते. सामान्यतः रक्तद्रवात त्याचे प्रमाण लिटरमागे ५ ते १५ मायक्रोमोल असते.

हृद्रोगाशी संबंध : आनुवंशिक दोषामुळे होमोसिस्टीन फार वाढलेल्या बालकांच्या रोहिण्यांत काठिण्य आढळल्यावरून किल्मर मकुली यांनी १९६९ मध्ये या दोहोंतील कार्यकारणसंबंध सुचविला. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील पाहणीत हृदयविकाराचा झटका येऊन न गेलेल्या २,४९१ प्रौढांचे निरीक्षण करण्यात आले. होमोसिस्टीन अधिक असलेल्या स्त्रीपुरुषांत पुढे हृदय निष्फल होण्याचा (हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची क्षमता अपुरी पडण्याचा) धोका अधिक असल्याचे त्यावरून २००३ मध्ये दिसून आले. तथापि हृदयस्नायूवरील ताण त्यावरून थेट कळत नाही. त्यासाठी ताणलेल्या हृदयातून रक्तात येणाऱ्या ‘बीएनपी’ या पेप्टाइडाचे मापन अधिक उपयुक्त ठरते.

पुण्यातील पाहणी : पुणे येथील के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी खेड्यांतील, शहरातील झोपडवस्त्यांतील व मध्यमवर्गातील मिळून ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. ६७ टक्के पुरुषांत ब१२ कमी व ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन वाढलेले आढळले. मध्यमवर्गात हेच आकडे अनुक्रमे ८१ व ७९ टक्के होते. फॉलिक अम्लाची त्रुटी मात्र क्वचितच दिसली. ब१२ नैसर्गिकरीत्या मांस, मासे, अंडी व दूध अशा प्राणिज पदार्थांतूनच मिळत असल्याने शाकाहार हे या त्रुटीचे प्रमुख कारण ठरले. म्हणजेच सुस्थितीतील कुटुंबांतही, पोटभर जेवणाऱ्या माणसांत ही उणीव लपून राहू शकते [⟶ जीवनसत्त्वे].

दर्शक की कारण? : जीवनसत्त्वे देऊन होमोसिस्टीन सहज कमी करता येते. मात्र २००६ मध्येच प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत, ५,५२२ रुग्णांवरील ‘होप-२’ व नॉर्वेतील ३,७४९ रुग्णांवरील ‘नॉरव्हिट’ यांत, ते कमी होऊनही हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. ‘होप-२’ मध्ये पक्षाघात मात्र काहीसे घटले. यावरून होमोसिस्टीन हे धोक्याची सूचना देणारे असले, तरी हृद्रोगाचे मूळ कारण असेलच असे नाही, हे स्पष्ट झाले.

तेव्हा हे प्रमाण वाढलेले आढळल्यास त्यामागील कारण शोधणे इष्ट ठरते. ब१२ ची त्रुटी पांडुरोगास (रक्तक्षयास) व तंत्रिकांच्या (मज्जातंतूंच्या) ऱ्हासास कारणीभूत होत असल्याने, हृदयाला लाभ होवो वा न होवो, तिच्यावर उपचार करणे आवश्यक असते. अशा वेळी केवळ फॉलिक अम्ल दिल्यास पांडुरोग सुधारतो, परंतु तंत्रिकांची हानी चालूच राहते. म्हणून ब१२ ची तपासणी आधी करणे श्रेयस्कर असते.