परमुलखातल्या कामगारांची चित्रं

जुलै १९३६ मध्ये जनरल फ्रँको आणि त्याच्या साथीदारांनी स्पेनच्या प्रजासत्ताकाविरुद्ध बंड पुकारलं, आणि अमेरिकेतल्या स्पॅनिश वस्त्यांमध्ये वर्गणीच्या पेट्या फिरू लागल्या. न्यूयॉर्कच्या गोदीतले गॅलिशियन खलाशी, टँपातले सिगार वळणारे कामगार, पेनसिल्व्हेनियातल्या जस्ताच्या भट्ट्यांवरचे अस्तुरियन मजूर अशा साऱ्यांच्या लहानमोठ्या संस्थांचा महासंघ न्यूयॉर्कमध्ये उभा राहिला. त्याचं मुखपत्र आधी ‘फ्रेंते पोपुलार’ आणि या बंडातून पेटलेलं युद्ध प्रजासत्ताक हरल्यावर, १९३९ पासून, ‘एस्पान्या लिब्रे’. कैद्यांसाठी, निर्वासितांसाठी मदत मागायची तर मजकुराइतकीच चित्रं हवीत, हे या मंडळींनी ओळखलं होतं.

त्या काळातला सर्वांत समर्थ हात कास्तेलाओचा. हा गॅलिशियन चित्रकार डॉक्टरकी शिकलेला, नजरेने अधू. १९३८ मध्ये तो अमेरिकेत आला, तेव्हा प्रवासी गॅलिशियनांनी त्याच्या सभा भरवल्या. त्याचा ‘मिलिसियानोस’ हा चित्रसंच त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये छापला तो गॅलिशियनांच्याच फॅसिस्टविरोधी संघटनेने. आदल्या वर्षीच्या ‘गॅलिसिया मार्तिर’ मधलं एक चित्र तर विसरताच येत नाही. मारले गेलेले गुरुजी जमिनीवर आडवे पडलेत, जवळ दोन विद्यार्थी रडताहेत. नाव ‘गुरुजींचा शेवटचा धडा’. मारेकरी चित्रात कुठेच नाही, आणि म्हणूनच बघणाऱ्याचा संताप अनावर होतो. ऑगस्ट १९३६ मध्ये गोळ्या घातलेल्या आलेक्सांद्रे बोवेदा या कास्तेलाओच्या सहकाऱ्याची छाया त्या मृताच्या चेहऱ्यात अनेकांना दिसते.

युद्ध चालू असताना फॅसिस्टांविरुद्ध चित्रं काढणारे पुष्कळ होते. खरी कसोटी पुढे लागली. १९५३ मध्ये अमेरिकेने लष्करी तळांसाठी फ्रँकोशी करार केला. कालचा हिटलरचा दोस्त आता वॉशिंग्टनचा दोस्त झाला. डाव्यांच्या मागे चौकशांचा ससेमिरा लागलेल्या त्या वर्षांत परदेशातून आलेल्या कामगाराने असं पत्र चालवणं जोखमीचंच होतं. तरीही ‘एस्पान्या लिब्रे’ निघत राहिलं. फ्रँको १९७५ मध्ये मेला, स्पेनमध्ये १९७७ मध्ये निवडणुका झाल्या आणि त्याच वर्षी पत्र थांबलं.

याच युद्धावरचं पिकासोचं ‘गेर्निका’ १९३९ ते १९८१ याच न्यूयॉर्कमध्ये होतं; जगाने ते डोळे भरून पाहिलं. कामगारांच्या पत्रांतली ही चित्रंही फॅसिस्टविरोधी कलेच्या इतिहासात तितक्याच मानाने मांडली गेली पाहिजेत.