दट्ट्यांची पेटी आणि चिंचोके

मॉन्टेसरी पद्धतीच्या बालवर्गात दट्ट्यांची लाकडी पेटी असते. लांबट ठोकळ्यात दहा खाचा, त्यांत बसणारे दहा दट्टे आणि प्रत्येकावर चिमटीत धरायची छोटी मूठ. तीन वर्षांचे मूल सगळे दट्टे काढते, त्यांची सरमिसळ करते आणि पुन्हा बसवायला घेते. बारीक दट्टा रुंद खाचेत टाकला तर तो खुशाल आत जातो, कोणी अडवत नाही. शेवटी मात्र हातात एक जाडा दट्टा उरतो आणि समोर बारीक खाच. ‘चुकलं’ हे बाईंना सांगावे लागत नाही, पेटीच सांगते, आणि तीही न रागावता. बालवाडीत जगण्याचे धडे मिळतात असे म्हणताना आपल्याला भिंतीवरचे सुविचार आठवतात. माझ्या मते ते धडे सुविचारांत नसून कृतीच्या रचनेत असतात. या वर्गात प्रत्येक साधन मुद्दाम एकेकच ठेवतात. दुसऱ्याचे होईपर्यंत थांबणे मग आपोआप येते, त्यासाठी ‘शहाण्या मुलाची’ गोष्ट सांगावी लागत नाही.

हे सारे महागड्या खेळण्यांचे चोचले आहेत, हा आक्षेप जुना आहे आणि त्याचे उत्तरही आपल्याकडेच मिळालेले आहे. मारिया मॉन्टेसरींची पहिली शाळाच मुळी १९०७ साली रोममधल्या कष्टकऱ्यांच्या वस्तीत निघाली होती. ताराबाई मोडकांनी आधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केले, आणि १९४५मध्ये डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र काढले. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. परदेशी साधनांच्या जागी शंखशिंपले, खडे, बिया, पाने आली. लहानमोठ्याची जाण ठोकळ्यांतून येते तशी शिंपल्यांतूनही येते, आणि चिंचोके मोजून होणारी बेरीज काही कमी पक्की नसते. आंघोळ, नखे कापणे, केस विंचरणे हाही शिक्षणाचाच भाग झाला. पुढे १९५७पासून कोसबादच्या टेकडीवर हे काम वाढले. वारली पाड्यांवरची मुले शाळेत का येत नाहीत, हे या दोघींनी नीट पाहिले. धाकट्या भावंडाला सांभाळायचे होते, गुरे राखायची होती. म्हणून बालवाडी त्यांच्या अंगणात गेली, पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र नांदू लागली आणि गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. साधने बदलली, जागा बदलली, वेळ बदलली, पण मूल स्वतःच्या हाताने करते आणि त्यातून शिकते, हे सूत्र सुटले नाही. पद्धतीची याहून कडक परीक्षा मला तरी दिसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्या घरात पुस्तक नाही, त्या घरच्या मुलाला अक्षरे लवकर मिळायला नकोत का? गाणी-गोष्टींत दोन-तीन वर्षे घालवणे हौशी मध्यमवर्गाला परवडते, इतरांना नाही. यातली तळमळ खरी आहे, पण भांडण अक्षरांशी नाहीच. मॉन्टेसरींच्या वर्गात खरखरीत कागदाची अक्षरे बोटाने गिरवली जातात, आणि रोमच्या त्या वस्तीतली चार-पाच वर्षांची मुले लिहूही लागली होती. दट्ट्याची मूठ चिमटीत धरून-धरून पेन्सिलीची पकड आधीच तयार झालेली असते. हरकत आहे ती तयारी होण्याआधी दुरेघी वहीत ‘अ’ पानभर घोटवून घेण्याला. त्यातून अक्षर वळणदार होईलही, पण चूक दुसऱ्याने लाल शाईने दाखवेपर्यंत आपल्याला कळत नाही, हा धडाही त्याच वहीतून मिळतो.

अंगणवाडी सेविकेची अडचण मात्र वेगळी, आणि तिला तत्त्वज्ञानाने उत्तर देणे अन्यायाचे होईल. १९७५मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत पोषण, वजने, लसीकरण आणि नोंदी हे सगळे तिच्याच गळ्यात आहे. त्यातून उरलेल्या वेळात तिने प्रत्येक मुलाच्या हाताकडे पाहावे, असे सांगणाऱ्याने आधी तिच्या नोंदवह्या कमी कराव्यात. खासगी बालवर्गांची अडचण आणखी निराळी आहे: पालक संध्याकाळी दप्तर उघडून पाहतात, आणि पाणी न सांडता पेल्यात ओतल्याचा कागद दप्तरात नसतो. त्यामुळे बाईंना कळूनही वही भरावी लागते. पाड्यावरच्या अंगणाला भिंतच नव्हती. मूल काय करते ते आईला काम करता-करता दिसू शकत होते. शहरातल्या बालवर्गाने महिन्यातून एक सकाळ पालकांना कोपऱ्यात गप्प बसू दिले, तरी निम्म्या वह्यांची गरज उरणार नाही.